सेल्फ मारताना

मोटारीला विजेचा सेल्फ कॅडिलॅकने १९१२ साली दिला. चार्ल्स केटरिंगची ही करामत. त्याआधी पुढे उभं राहून हँडल फिरवायचं, आणि हँडल उलटं फिरलं की मनगट मोडायचं. उत्तरपाऱ्याच्या हिंदुस्तान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीस मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसडर आणली, तेव्हा सेल्फ जुना झाला होता. तरी हँडल सुटलं नव्हतं. यवतमाळच्या पावसाळ्यात बॅटरी उतरली की त्याचीच आठवण व्हायची.

माझ्या मामांची मार्क टू १९६८ची. तिला एक विचित्र खोड लागली. पाच-सहा वेळा सेल्फ नीट लागायचा आणि एखाद्या वेळी कर्रर्र करून दात विचकायचा. इंजिन सुरू झालं की आवाज गायब. एका गॅरेजने थेट दुसरं इंजिन बसवायला सांगितलं. इथे मामा अडले. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण ती मूळ स्वरूपात हवी. इंजिन बदललं की तो दरवाजा बंद.

दारव्हा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी आवाज ऐकण्याआधी विचारलं, “थांबते कुठं?” मला वाटलं, गाडी. ते इंजिनाबद्दल विचारत होते.

चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेऱ्याला एक सिलिंडर दाबाखाली येतो. चावी बंद केल्यावर मंदावलेलं इंजिन हा दाब ओलांडू शकत नाही, तिथेच अडतं. म्हणजे फ्लायव्हील वर्षानुवर्षं समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं. या जुन्या सेल्फमध्ये पिनियन आट्यांवरून फेकलं जातं आणि फिरता फिरताच रिंगच्या दात्यांवर आदळतं. (पुढच्या काळातल्या सेल्फमध्ये पिनियन आधी गुंततं, मग मोटर फिरते, तेवढा धक्का बसत नाही.) पन्नास वर्षांचा मार त्या दोन जागांनी खाल्लेला. सगळ्यांत झिजलेला दाता नेमका समोर आला तरच आवाज, एरवी नाही.

परीक्षा साधी होती. आवाज आल्याबरोबर चावी बंद केली, टॉप गिअर टाकून गाडी चार-पाच इंच ढकलली, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारला. गप्प लागला. वीतभर ढकलली असती, तर फ्लायव्हील अर्धा फेरा फिरून समोरचीच झिजलेली जागा आली असती. हा हिशेब मिस्त्रींच्या हातात होता, कागदावर नाही.

मग सेल्फ उतरवून त्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकला आणि मी पुढून हँडलने इंजिन हळूहळू फिरवत राहिलो. सेल्फचं दुखणं शोधायला शेवटी हँडलच कामी आलं, याची मला गंमत वाटली. दाते चांगले, चांगले, मग सात-आठ बोथट. अर्ध्या फेऱ्यानंतर पुन्हा तसेच.

गिअरबॉक्स खाली घेऊन रिंग तापवून काढली आणि पाव फेरा सरकवून बसवली. उलटी करून बसवणारेही असतात, पण दात्यांची उतार दिलेली कड पिनियनकडेच हवी, म्हणून मिस्त्रींनी ते टाळलं. इंजिन तेच राहिलं. नंबर तोच. मामांनी नोंदणीसाठी गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले. डिकीत हँडल दिसेल असा एक वेगळा काढला.