चादर : झांस्करची हिवाळी वाट

लडाखमधील झांस्कर नदी गोठली की तिच्यावरील बर्फाला ‘चादर’ म्हणतात. आज हे नाव साहसी पर्यटनाच्या जाहिरातींत झळकते; मुळात ती रहदारीची वाट होती. 1980च्या सुमारास कारगिल-पदुम रस्ता झाला, तरी सुमारे 4,400 मीटर उंचीची पेन्सी ला ही खिंड हिवाळ्यात बंदच राही. मग झांस्करी माणसे पाठीवर लोणी घेऊन, गुहांत रात्री काढत, नदीवरून लेहच्या बाजारात जात. शाळेत निघालेली मुलेही याच वाटेने चालली.

वाहते पाणी तळ्यासारखे गोठत नाही. ते सतत घुसळले जात असल्यामुळे आधी सगळा प्रवाहच शून्य अंशावर यावा लागतो; मग बर्फाचे सुटे स्फटिक तयार होऊन काठाला चिकटतात आणि थर वाढतो. रात्री ढगाळ राहिल्या, तर ही वाढ मंदावते. बर्फाची भार पेलण्याची क्षमता साधारणतः जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते : जाडी निम्मी झाली, तर क्षमता पाव उरते. थोडीशी ऊबही वाटसरूला महाग पडते ती यामुळे. अलीकडच्या काही हिवाळ्यांत पातळ बर्फामुळे चादरीवरील प्रवास थांबवावा लागला. अर्थात, त्याच दरीत रस्त्यासाठी सुरुंगही लागत होते. सारा दोष तापमानवाढीच्या माथी मारणे घाईचे ठरेल.

मार्च 2024 मध्ये सीमा रस्ते संघटनेने 298 किलोमीटरचा निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला. काठी आपटून, तिच्या आवाजावरून बर्फ जोखणारे वाटाडे अजून आहेत. त्यांच्यामागून चालणारे बहुतेक जण मात्र आता पर्यटक असतात.