कानाचे दुखणे, पिसाळल्याची भीती आणि परळचे रुग्णालय

१/ मान एका बाजूला कलती, पावले लडखडती, तोंडातून लाळ. असा कुत्रा ठाण्यात वा डोंबिवलीत दिसला की पहिला शब्द उमटतो, 'पिसाळला!' हे दुखणे कानातलेही असू शकते. या भीतीचा आणि उपचारांचा हा इतिहास.

२/ जून १८३२. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत पारशी समाज रस्त्यावर उतरला, हरताळ पडला. पारशी अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पडणे आवश्यक मानतात; त्यास 'सगदीद' म्हणतात. कुत्र्याचा जीव वाचवण्याची आस्था होती. त्याला बरे करणारे रुग्णालय मात्र नव्हते.

३/ ती उणीव अर्धशतकाने भरून निघाली. दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या दानातून १८८४ मध्ये परळला पत्नी साकरबाईंच्या नावे प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील यांचा कुत्र्यांच्या रोगांवरील ग्रंथ १८८८ चा.

४/ त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांत कान वाहण्याच्या रोगाला 'कँकर' म्हणत. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते. त्यामुळे ओल आणि मळ आत साचतो. दमट हवेत जंतू व यीस्ट फोफावतात.

५/ पडदा ओलांडून संसर्ग मध्यकर्णात गेला की चेहऱ्याची नस दुखावते; ओठ लोंबतो, लाळ गळते. अंतर्कर्णात गेला की तोल जातो, बुबुळे थरथरतात, कुत्रा गोल फिरू लागतो. मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला तर प्राणावर बेतते.

६/ घोटाळा येथेच होतो. पाश्चर यांनी १८८५ मध्ये माणसाला रेबीजची लस दिली. पण कुत्र्यातील रेबीजचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. म्हणून अशा कुत्र्याला स्वतः हात न लावता पशुवैद्यास बोलावणे, हाच शहाणपणा.

७/ १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके सर्वत्र पोहोचली. १९४९ मध्ये झेप यांनी नळीची बाहेरची भिंत उघडून निचरा करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. पुढे, रोग हाताबाहेर गेल्यास संपूर्ण नळी काढून मध्यकर्णाचे हाड साफ करण्याची पद्धत रूढ झाली.

८/ २००१ च्या नियमांनंतर निर्बीजीकरण झालेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला खूण करतात. ती खूण दुरून दिसते. आतला रोग दिसत नाही. डोके झटकणे, कान खाजवणे आणि दुर्गंधी ही त्याची पहिली हाक. ती वेळीच ऐकली, तर 'पिसाळला' म्हणण्याची पाळी सहसा येत नाही.