मेनूतले एक विपळ

पंचांगातील कालमापन आता बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. अहोरात्रीच्या साठ घटका, घटकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. म्हणजे विपळ भरते बरोबर ४०० मिलिसेकंदांचे. लग्नघरातील घटिकापात्र गेले आणि विपळ शब्दकोशात उरले. मात्र तेवढ्याच लांबीचा एक क्षण विंडोज या संगणकप्रणालीत आजही नांदतो आहे. मेनूतील एखाद्या ओळीवर बाण स्थिरावल्यापासून तिचा उपमेनू उघडेपर्यंत ४०० मिलिसेकंद जातात. हा निव्वळ योगायोग असला, तरी या विलंबाचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

‘मेनू’ हा शब्द फ्रेंचमधून आला. लॅटिन मुळात त्याचा अर्थ बारीक, तपशीलवार असा. त्यावरून भोजनातील पदार्थांची तपशीलवार यादी. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले. पुढे १९७३ च्या झेरॉक्स ऑल्टोपासून १९८४ च्या मॅकिंटॉशपर्यंतच्या वाटचालीत, आज्ञा पाठ करण्याऐवजी यादीतून निवडण्याची रीत रूढ झाली. यादीच्या पोटात यादी आली, तेव्हा एक अडचण उभी राहिली. उपमेनूकडे जाणारा हात सरळ रेषेत जात नाही. तो तिरका जातो आणि वाटेत शेजारच्या ओळीला स्पर्श करतो. प्रत्येक स्पर्शाला उपमेनू उघडू लागला, तर हवे ते हाती लागण्याआधीच मिटणार. मॅकिंटॉशसाठी ब्रूस टोग्नॅझिनी यांनी तिरक्या वाटेला सूट देणारे त्रिकोणी क्षेत्र कल्पिले. विंडोजने साधा उपाय योजला : थोडे थांबणे. तो विलंब म्हणजे यंत्राची सुस्ती नव्हे. हाताच्या चुकीसाठी राखलेली ती जागा होती.

पण वापरणाऱ्यांना ती सुस्तीच वाटली. विंडोज ९५ नंतर ‘ट्वीक यूआय’ या छोट्या साधनात मेनूची गती ठरवणारी पट्टी आली. ज्यांच्याकडे ते नव्हते, ते रजिस्ट्रीत ‘कंट्रोल पॅनेल’खालच्या ‘डेस्कटॉप’मध्ये जाऊन ‘मेनूशोडिले’ ही नोंद शोधत आणि ४०० पुसून शून्य लिहीत. एक्स्पीतील मेनूंच्या सावल्या आणि उलगडण्याचे देखावेही अनेक जण बंद करीत. जुन्या यंत्रावर या दुसऱ्या उपायाने काही भार खरोखर हलका होई. शून्याने मात्र यंत्राची शक्ती तिळमात्र वाढत नसे. केवळ राखून ठेवलेला अवकाश नाहीसा होई. तुटपुंजी मेमरी आणि सतत घरघरणारी हार्ड डिस्क ही मंदपणाची खरी कारणे जागच्या जागीच राहत.

हे मला फार उशिरा उमगले. २००३ साली मी एम.ए.चा विद्यार्थी होतो. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती आणि उस्मानाबादेत (२०२३ पासून धाराशिव) मी एका संगणककेंद्रात संध्याकाळी मदतनीस म्हणून जात असे. शिकायला जिल्हा परिषद शाळांचे गुरुजी येत, निवृत्तीला टेकलेले कारकून येत. एका रात्री मी उत्साहाने सर्व यंत्रांवर शून्य लिहिले. दुसऱ्या दिवशी मेनू पापणी लवण्याआधी उघडू लागले आणि मला धन्यता वाटली.

त्या तुकडीत तुळजापूरकडचे एक गुरुजी होते. फळ्यावरचे त्यांचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे. माऊस मात्र त्यांच्या हाती प्रथमच येत होता. ‘प्रोग्राम्स’वरून ‘ॲक्सेसरीज’कडे आणि तेथून ‘पेंट’कडे जाताना बाण किंचित ढळे आणि भलतीच यादी समोर येई. तीन दिवस ते खटपट करीत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले, “सर, हे आमच्या वयाचं काम नव्हे.” वयाने मी त्यांच्या मुलासारखा; तरी ते मला ‘सर’ म्हणत. मी त्यांना सरावाचा सल्ला दिला. पुढच्या आठवड्यापासून ते आले नाहीत.

दोष त्यांच्या वयाचा नव्हता, मी लिहिलेल्या शून्याचा होता. आपल्याला सरावाने जे सोपे झाले, ते सर्वांनाच सोपे असेल असे मी गृहीत धरले होते. वेग हे मूल्य आहेच. निष्णात माणसाने आपल्या यंत्रावर शून्य लिहावे, त्यात गैर काही नाही. मात्र ज्या यंत्रापुढे नवखा बसणार आहे, त्यावरचा विलंब हा त्याचा हक्क असतो.

विंडोज ११ मध्येही ही नोंद शिल्लक आहे. आज वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर मी लगेच उत्तर सांगत नाही. मागच्या बाकावरचा हात वर यायला थोडा वेळ लागतो.