वुलहाइडेची संध्याकाळ : ढिगाऱ्यावरचं नाट्यगृह आणि लोखंडाचं संगीत

युद्धानंतरच्या बर्लिनबद्दल बोलायचं तर इमारती, करार आणि भिंत एवढ्यावरच आपण थांबतो. आज एका तिकिटापासून सुरुवात करू. तिकीट आहे ऑगस्ट १९९८चं, ठिकाण वुलहाइडे, पूर्व बर्लिन, आणि बँड रामश्टाइन.

आम्ही दोघे मित्र त्या उन्हाळ्यात कामानिमित्त बर्लिनमध्ये होतो. राहायला शहराच्या पश्चिम भागात. डेव्हिड लिंचच्या 'लॉस्ट हायवे' या चित्रपटात या बँडची दोन गाणी ऐकली होती, तेवढीच ओळख. २२ आणि २३ ऑगस्टला त्यांचे दोन कार्यक्रम होते. त्यांचंच चित्रण पुढे 'लाइव्ह आउस बर्लिन' नावाने निघालं. आम्ही जातोय म्हटल्यावर घरमालकीणबाई म्हणाल्या, "तिकडे जरा जपून. रात्री फार उशीर करू नका."

ही भीती हवेतली नव्हती. १९९१ साली होयर्सवेर्डा या गावात परदेशी कामगारांवर हल्ले झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकच्या लिश्टनहागन वस्तीत व्हिएतनामी कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लावली गेली, आणि खाली जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या लक्षात ठेवा, त्यांच्याकडे आपल्याला परत यायचंय. आमचा रंग लपणारा नव्हता. त्यात आम्ही निघालो होतो तो कार्यक्रम आगीचा आणि कवायतीच्या ठेक्याचा.

कार्यक्रमाआधी दुपारी आम्ही ओबरश्योनेवाइडेत फिरलो. वुलहाइडेच्या दक्षिणेला, श्प्रे नदीच्या काठी ही कारखान्यांची वस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एईजी कंपनीने इथे विजेच्या आणि केबलच्या सामानाचे कारखाने उभारले. पूर्व जर्मनीच्या काळात ते सरकारी झाले, आणि हजारो माणसं तिन्ही पाळ्यांत इथे राबली. १९९०च्या एकीकरणानंतर त्यांतले बहुतेक लोक काही वर्षांतच घरी बसले. आम्ही पाहिली ती पिवळ्या विटांची लांबलचक दालनं, फुटलेल्या काचा आणि कुलूप लावलेली फाटकं. आम्ही दोघेही परळचे. बंद कारखान्याची भिंत आम्हाला कुणी ओळखून द्यावी लागत नाही.

तिथून रान ओलांडून नाट्यगृहाकडे गेलो. झाडीतून एकदम उतार लागतो आणि समोर खोलगट, पंख्यासारखं पसरलेलं प्रेक्षागृह दिसतं. सुमारे १७ हजार माणसं मावतात. आम्हाला पहिल्या नजरेत हे जुनं ग्रीक वळणाचं वाटलं. बांधलंय मात्र १९५०-५१ साली. ऑगस्ट १९५१ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये जागतिक युवक आणि विद्यार्थी महोत्सव भरला. १०४ देशांतून सुमारे २६ हजार पाहुणे आले. त्याच महोत्सवासाठी हे नाट्यगृह उभारलं गेलं.

आता ते कशावर उभं आहे बघा. युद्धाने बर्लिनमध्ये सुमारे साडेसात कोटी घनमीटर ढिगारा मागे ठेवला होता. त्याचं करायचं काय? कुठे त्याच्या टेकड्या झाल्या, कुठे रस्त्यांच्या भरावाला तो गेला. वुलहाइडेतल्या पायऱ्यांखालचा उंचवटाही त्याच राडारोड्याचा. म्हणजे आम्ही बसलो होतो ते कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या भिंतींवर. शेजारी सरकारने बालवीरांसाठी उद्यान केलं, १९५६ पासून मुलांनी चालवायची छोटी रेल्वेही तिथे धावू लागली. या सगळ्या परिसराचा हेतू एकच होता : तरुणांना एकत्र आणायचं, एका सुरात गायला लावायचं.

सूर कोणता, हे सरकार ठरवी. १९५८ पासून तिथे नियम होता : कार्यक्रमात ६० टक्के संगीत समाजवादी देशांचं, पाश्चात्त्य फार तर ४० टक्के. हौशी बँडलाही परीक्षक मंडळापुढे वाजवून परवाना घ्यावा लागे. रामश्टाइनचे सहाही जण याच देशात वाढलेले. गिटारवाला पाउल लांडर्स आणि कीबोर्डवाला फ्लाके हे 'फीलिंग बी' या पूर्व जर्मन पंक बँडमधले. रिशार्ड क्रूस्पे १९८९ मध्ये हंगेरीमार्गे देश सोडून गेला होता. गायक टिल लिंडमान तरुणपणी सरकारी क्रीडाव्यवस्थेतला जलतरणपटू. १९९४ मध्ये हा बँड जमला. नाव रामश्टाइन गावावरून. २८ ऑगस्ट १९८८ रोजी तिथल्या अमेरिकी तळावर हवाई कसरतींमध्ये विमानं आदळली आणि ७० माणसं गेली. गावाच्या नावात एक 'एम', बँडच्या नावात दोन.

यांचं संगीत इंडस्ट्रियल मेटल म्हणून ओळखलं जातं. 'इंडस्ट्रियल' हा शब्द १९७६ मध्ये लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलने आपल्या रेकॉर्ड कंपनीला दिलेल्या नावावरून रूढ झाला. १९८०मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइनश्ट्युर्त्सेंडे नॉयबाउटेन निघाले, 'कोसळणाऱ्या नव्या इमारती' असा नावाचा अर्थ. भंगार, ड्रिल, पत्रा ही त्यांची वाद्यं. त्याच वर्षी स्लोव्हेनियाच्या ट्रबोव्ल्ये या खाणगावात लाइबाख सुरू झाले आणि त्यांनी लष्करी गणवेशच अंगावर चढवला. हुकूमशाहीचं सोंग इतकं हुबेहूब आणायचं की बघणाऱ्याला अस्वस्थ व्हावं लागेल, ही त्यांची रीत. पुढे मिनिस्ट्री, गॉडफ्लेश अशा बँडनी त्यात जड गिटार आणली.

आता कळीचा प्रश्न. सोंग आणि खरं यांतला फरक प्रेक्षकाला कळतो का? कार्यक्रमाच्या महिनाभर आधीच रामश्टाइनवर टीकेची झोड उठली होती. डेपेश मोडच्या एका गाण्याच्या त्यांच्या आवृत्तीला त्यांनी चित्रफीत जोडली ती लेनी रीफेन्श्टालच्या 'ओलिम्पिया'मधली, म्हणजे नाझी राजवटीतल्या १९३६च्या ऑलिम्पिकची. २००१ मध्ये त्यांनी एका गाण्यातून उत्तर दिलं की आमचं हृदय डावीकडे आहे. पण १९९८च्या त्या संध्याकाळी हे उत्तर आमच्याजवळ नव्हतं.

दिवे गेले. लिंडमान पेटत्या कोटात उभा राहिला. ढोल असा बसत होता की पायाखालची पायरी हलल्यासारखी वाटे. हजारो मुठी एका तालात वर गेल्या, हजारो गळ्यांतून एकच शब्द आला. आमच्या डोळ्यांपुढे लिश्टनहागनच्या टाळ्या आल्या. आणि खरं सांगायचं तर थोड्या वेळाने आमच्याही मुठी वर होत्या. मग एका गाण्याला फ्लाके रबरी होडीत बसून लोकांच्या हातांवरून डुलत निघाला, आणि सगळं नाट्यगृह लहान मुलांसारखं हसलं. कवायतीची रांग अशी हसत नाही.

परतताना रानातून चालत स्थानकावर पोचलो. गाडी सुटणार, तेवढ्यात डोकं भादरलेल्या, काळ्या बुटांच्या एका तरुणाने आमच्यासाठी दार धरून ठेवलं. आम्ही क्षणभर थबकलो. त्याच्या ते लक्षात आलं. तो काही बोलला नाही, दार मात्र सोडलं नाही. आम्ही चढलो, आभार मानले, तो पुढच्या डब्यात गेला.

मंडळी, इतिहास वाचल्यामुळे आम्ही त्या संध्याकाळी सावध होतो, आणि सावध असणं चूक नव्हतं. पण जमावाच्या इतिहासावरून एका माणसाचा निकाल लावायला आम्हाला एक क्षण पुरला. त्या क्षणाची लाज आजही वाटते, म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला सांगितली. आता तुमचे प्रश्न घेऊ.