संकेत आणि खूण : ब्रिजच्या बोलीचा इतिहास



पत्त्यांचा खेळ आपल्या घरांना नवा नाहीं. मे महिन्याच्या सुटींत मेंढीकोटाचा डाव मांडला गेला नाहीं असें घर विरळाच. त्या डावांत समोरच्या भिडूकडे पाहून डोळा मिचकावणारा, किंवा कानाच्या पाळीला हात लावून एक्का सुचविणारा एखादा भाऊ असतो, आणि "खाणाखुणा चालायच्या नाहींत हं!" असें त्यास दटावणारी आत्याहि असते. आपल्या हातीं काय आहे तें भिडूला कळावें, ही इच्छा फार जुनी. खेळांत ती गुन्हा ठरते. ब्रिजच्या बोलीचा इतिहास म्हणजे या इच्छेला चोरवाटेवरून काढून राजमार्गावर आणण्याचा इतिहास होय.

मी हा खेळ शिकलों तो झरीला. पालघर जिल्हा झाला २०१४ सालीं. मी सांगतों आहें ती गोष्ट त्यापूर्वीं पुष्कळ वर्षांची, आमचा डहाणू-तलासरीचा भाग ठाणें जिल्ह्यांत होता तेव्हांची. शाळा सुटल्यावर एक वयस्क डॉक्टर, टपालमास्तर, जंगलखात्यांतील एक गृहस्थ आणि मी असे चौघे कंदिलाच्या उजेडांत बसत असूं. पावसाळ्यांत ओढ्याला पाणी आलें कीं चौथा गडी यावयाचा नाहीं, आणि मग उरलेल्या तिघांनीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसावें.

पुढें वाचनांत आलें कीं, ही अडचण इतिहासांत फळाला आलेली आहे. ब्रिजचा पूर्वज व्हिस्ट. त्यावरील एडमंड हॉइल यांचें प्रसिद्ध पुस्तक १७४२ सालीं निघालें. व्हिस्टमध्यें बोली नव्हती. वाटपांतील शेवटचें पान उघडें करून हुकूम ठरे. १८८६ सालीं लंडनमध्यें 'बिरिच' या खेळाचे नियम छापले गेले. त्यांत हुकूम सांगण्याचा अधिकार वाटणाऱ्यास मिळाला. त्यास नको असेल तर तो भिडूकडे सोपवी. चढाओढीनें बोली लावून हुकूम जिंकण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभीं आली. तिचें श्रेय हिंदुस्थानांतील एका आडवळणी ठाण्यांतील तिघां मुलकी अधिकाऱ्यांना दिलें जातें. चौथा गडी मिळेना, म्हणून त्यांनीं तिघांतच लिलाव सुरू केला, असें सांगतात.

या लिलावी ब्रिजमध्यें थोडी बोली लावून अधिक हात केले तरी त्या सर्वांचे गुण डाव पुरा करण्यास उपयोगीं पडत. अमेरिकेचे हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनीं १९२५ सालीं पनामा कालव्यांतून जाणाऱ्या आगबोटीवर नवा हिशेब मांडला : जेवढी बोली, तेवढेच हात डावाच्या हिशेबांत धरावयाचे. हाच काँट्रॅक्ट ब्रिज. या एका नियमानें बोलीला खरें महत्त्व आलें. आतां आपल्या दोघांचे मिळून किती हात होतील तें आधींच अजमावणें प्राप्त झालें.

पण अजमावावें कोणत्या शब्दांनीं? एक ते सात हे सात आंकडे. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकूम हीं पांच नांवें. पास, डबल आणि रीडबल हे तीन शब्द. एकंदर पंधरा शब्दांची ही भाषा, आणि तिच्यांत तेरा पानांचें वर्णन करावयाचें! शब्द वाढवितां येत नाहींत, म्हणून शब्दांना ठराविक प्रसंगीं निराळे अर्थ दिले गेले. यांसच संकेत म्हणतात. व्हँडरबिल्ट यांनीं स्वतःच 'एक किलवर' म्हणजे जोरदार हात असा संकेत केला. मग हातीं किलवर असोत वा नसोत. १९३० सालीं एली कल्बर्टसन यांच्या पुस्तकानें बोलीची पद्धति घरोघर नेली. १९३३ मध्यें ईझ्ली ब्लॅकवुड यांनीं एक्के विचारण्याची युक्ति काढली. भिडूनें 'चार बिनहुकूम' म्हटलें कीं उत्तर द्यावयाचें : एक्का नसेल किंवा चारहि असतील तर पांच किलवर, एक असेल तर पांच चौकट, दोन असतील तर पांच बदाम, तीन असतील तर पांच इस्पिक.

तिसरा प्रसिद्ध संकेत स्टेमन यांच्या नांवानें चालतो. भिडूनें 'एक बिनहुकूम' म्हटल्यावर 'दोन किलवर' म्हणावयाचें, त्याचा अर्थ, "तुमच्यापाशीं बदाम किंवा इस्पिक यांचीं चार पानें आहेत काय?" १९४५ सालीं सॅम स्टेमन यांनीं त्यावर लेख लिहिला आणि नांव त्यांचें झालें, युक्ति मात्र त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची. लंडनचे जॅक मार्क्स यांनाहि ती स्वतंत्रपणें सुचली होती.

या संकेतानेंच मला धडा शिकविला. एके रात्रीं मीं 'एक बिनहुकूम' म्हटलें. समोरून डॉक्टर म्हणाले, "दोन किलवर." माझ्यापाशीं तीन चांगलीं किलवर होतीं, भिडूचा रंग जुळला अशा समजुतीनें मीं आनंदानें पास म्हटलें. पानें उघडलीं तेव्हां डॉक्टरांकडे किलवर दोनच. दोघांचे मिळून इस्पिक मात्र आठ! डाव अर्थातच बुडाला. डॉक्टर रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "मास्तर, मीं प्रश्न विचारला होता, तुम्हीं तें विधान समजलांत." जन्मभर मुलांना वाक्यांचे प्रकार शिकविणाऱ्याला हें बोलणें फार लागलें. परंतु रात्रीं विचार करतां वाटलें कीं, चूक माझ्या एकट्याची नव्हती. जो अर्थ दोघांनीं मिळून ठरविला नाहीं, तो संकेत कसला?

आणि दोघांना ठाऊक असणें एवढ्यानेंहि भागत नाहीं. आपल्या संकेताचा अर्थ विचारण्याचा प्रतिपक्षास पूर्ण अधिकार आहे. लपविलेला संकेत म्हणजे लबाडीच. १९६५ सालीं ब्वेनोस आयरिस येथील जागतिक स्पर्धेंत टेरेन्स रीझ आणि बोरिस शापिरो या नामांकित इंग्रज जोडीवर पानें धरतांना बोटांनीं खुणा केल्याचा आरोप आला. जागतिक संघटनेनें त्यांना दोषी ठरविलें; पुढें इंग्लंडमधील चौकशींत ते निर्दोष ठरले. हा वाद कायमचा मिटला नाहीं. १९७५ च्या जागतिक स्पर्धेपासून भिडूंच्या मध्यें पडदा उभा राहिला. तोंडी बोलीच्या जागीं शब्द छापलेलीं कार्डें ठेवण्याची स्वीडनमध्यें निघालेली रीतहि सर्वत्र पसरली. कारण आवाजाच्या चढउतारांतूनहि खूण होऊं शकते. आत्याबाईंची दटावणी अखेर जगानें मान्य केली!

हा खेळ केवळ बड्या क्लबांचा नव्हे. मध्य प्रदेशांतील रायबिडपुरा या खेड्यांतले शेतकरी तो आवडीनें खेळतात. २०१८ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत प्रणव बर्धन आणि शिवनाथ सरकार या जोडीनें भारतास सुवर्णपदक मिळवून दिलें, तेव्हां त्यांचीं वयें साठ व छपन्न होतीं. तेव्हां शिकण्यास उशीर झाला असें कोणीं मानूं नये. मात्र नवशिक्यानें एकदम वीस संकेत पाठ करूं नयेत. आधीं एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन व गुलामाचा एक, असे गुण मोजण्यास शिकावें. मग साधी, सरळ बोली. आणि त्यानंतर एकेक संकेत, तोहि भिडूशीं बोलून.

त्या फसलेल्या डावाच्या दुसऱ्या दिवशीं डॉक्टर एक कागद घेऊन आले. त्यावर त्यांनीं आमचे दोनच संकेत सुवाच्य अक्षरांत लिहिले होते. तो त्यांनीं माझ्या हातीं दिला नाहीं. कंदिलाशेजारीं, चौघांनाहि वाचतां येईल असा, मधोमध ठेवला आणि पत्ते पिसावयास घेतले.