धुरातील प्राणवायूची साक्ष

जुन्या मोटारीच्या एंजिनात पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण योग्य आहे की नाही, हे मिस्त्री डोळ्यांनी ओळखीत असे. स्पार्क प्लग काजळलेला निघाला तर पेट्रोल जास्त, पांढुरका निघाला तर हवा जास्त, आणि फिकट तपकिरी असला तर सारे ठीक. ही विद्या अनुभवाची होती, मोजमापाची नव्हे. ते मोजमाप ज्या साधनाने दिले, त्याचा इतिहास मात्र एका दिव्यापासून सुरू होतो.

वाल्थर नर्न्स्ट ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली द्रावणाची तीव्रता आणि विजेचा दाब यांचे नाते समीकरणात मांडले. शतकाच्या अखेरीस त्यानेच झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा तयार केला. चिनीमातीसारखा हा पदार्थ थंड असता वीज वाहू देत नाही. तापला म्हणजे त्यातून प्राणवायूचे विद्युत्‌भारित कण वाहू लागतात. तो दिवा मागे पडला, पण हा गुण पुढे उपयोगी पडला.

मोटारींच्या धुरावर अमेरिकेत कडक निर्बंध आले. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकाला एक भाग पेट्रोलास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण काटेकोर लागे. त्यासाठी बॉश कंपनीने झिर्कोनियाचा संवेदक घडविला व १९७६ साली तो व्होल्वो मोटारींत बसला. त्याच्या एका बाजूस बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूस धूर. दोहोंतील प्राणवायूच्या फरकाने वीज उत्पन्न होते: पेट्रोल जास्त असता सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त असता ०.१. तथापि मिश्रण कोणत्या बाजूस कलले एवढेच तो सांगे. किती, ते १९९० नंतरच्या विस्तृत पट्ट्याच्या संवेदकाने सांगितले.

नव्या मोटारींसाठी जन्मलेले हे साधन आता कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांच्याही कामी येते. धुराच्या नळीत ते बसवून गाडी चालवावी, आकडा पाहावा आणि त्याप्रमाणे जेट बदलावा. भारतात हे सुकर झाले ते २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाल्यावर. कारण शिशाने संवेदक निकामी होतो.

आज याची गरज अधिकच आहे. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलात प्राणवायू असतोच. त्यामुळे जुन्या जेटमधून येणारे मिश्रण पेट्रोलास उणे पडते आणि भाराखाली एंजिन फाजील तापू शकते.

परंतु साक्षीदारही फसतो. नळीस भेग असली किंवा ठिणगी चुकली, तर न जळलेला प्राणवायू पाहून तो हवा जास्त असल्याचे सांगतो. अशा वेळी प्लग काढून पाहणारा मिस्त्रीच खरे काय ते ठरवितो. म्हणून आम्हांस वाटते की, नव्या साधनाने जुनी विद्या रद्द केली नाही. तिला साक्ष मिळवून दिली.