रासायनिक अभिक्रियेतील उष्णता कशी मोजतात?

कळीच्या चुन्यावर पाणी टाकले की ते खदखदू लागते. नवसागर पाण्यात विरघळवला की भांडे गार पडते. पहिला बदल उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा. दुसरा उष्माग्राही, म्हणजे ती शोषणारा. ही उष्णता थेट मोजता येत नाही. ती पाण्याला देऊन पाण्याचे तापमान किती बदलले ते पाहतात. त्यासाठीचे उपकरण म्हणजे कॅलरीमापी.

सोपे उदाहरण

थर्माकोलच्या पेल्यात सारख्याच तीव्रतेचे (1 मोलर) हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण प्रत्येकी 50 मिली मिसळले, तर तापमान सुमारे 6.8 अंश सेल्सिअसने वाढते.

उष्णता = वस्तुमान × विशिष्ट उष्मा × तापमानातील बदल
= 100 ग्रॅम × 4.18 × 6.8 = सुमारे 2,840 जूल

इथे 0.05 मोल आम्लाची अभिक्रिया झाली. म्हणून एका मोलमागे सुमारे 57 किलोजूल.

सुरुवात कधी झाली?

1782-83च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी बर्फाचा कॅलरीमापी वापरला. किती बर्फ वितळला, यावरून त्यांनी उष्णता काढली.

हे मोजणे का गरजेचे?

पेल्यातली उष्णता सहज निघून जाते. कारखान्यातील मोठ्या टाकीत मात्र द्रव जितका वाढतो, तितका थंड होणारा पृष्ठभाग वाढत नाही. उष्णता साचते, अभिक्रियेचा वेग वाढतो, आणखी उष्णता निर्माण होते आणि स्फोटही होऊ शकतो. म्हणून टाकी भरण्याआधी कॅलरीमापीतला आकडा पाहून शीतकरणाची व्यवस्था ठरवतात.